मिसळवाल्याचं गुपित

गुपित कसं ठेवावं, ते आमच्याकडनं शिकावं, मंडळी! कळंब्यात आमचं मिसळीचं हाटेल. "आमचा कट कितीबी तिखट असूदे, पोटाला काय होत न्हाय," असं मी छातीवर हात मारून सांगणारा माणूस. आणि मलाच झाली मूळव्याध! गिऱ्हाइकाला कळलं तर हाटेलाला कुलूपच की!

म्हणून गुमान राजारामपुरीतला दवाखाना गाठला. अक्षता डॉक्टर परदेशात शिकून आलेल्या. म्हणाल्या, "प्रभुलिंगअण्णा, तुमच्याबद्दल कुणाला काय सांगायचं, हे तुम्हीच ठरवायचं. इथला नियमच आहे."

"कुणालाबी सांगायचं न्हाय! बायकोलाबी न्हाय!"

घरात सांगितलं, हातकणंगल्याला मिरची बघायला चाललोय. काय डोकं म्हणायचं!

ऑपरेशनच्या सकाळी दवाखान्याचा गाऊन चढवला, मागनं नाड्या बांधायचा. आणि आठवलं, मसाल्याच्या डब्याची किल्ली कुठं ठेवलीय ते बायकोला, दानेश्वरीला, सांगायचं राहिलं! तिच्याशिवाय हाटेल उघडणार कोण? तसाच बाहेर पडून समोरच्या एसटीडी बूथवरनं फोन करून आलो, भिंतीला पाठ घासत. बघतोय तर दारात दुसराच वॉचमन!

"कुठं चाललाईसा, पावणं?"

"आत! पेशंट हाय मी. प्रभुलिंग!"

त्यानं काउंटरवरच्या सिस्टरला विचारलं. ती गोड हसली. "असे कुणी पेशंट आहेत की नाहीत, सांगता येत नाही."

"अवो बाई, मी सोता विचारतोय की!"

"तुम्हीच ते कशावरून?"

वॉचमननं मागनं नाडी धरली. "गाऊन कुठनं उचललासा?"

"नाडी सोड रं! अब्रू जाईल!"

झालं! गाड्या थांबल्या, रिक्षा थांबल्या. त्यात आमचं रोजचं गिऱ्हाईक, आकाराम! "मालक? तुमी हातकणंगल्याला गेलतासा न्हवं?"

तेवढ्यात डॉक्टर आल्या. देवच भेटला! "बाई, सांगा ह्यास्नी मी कोण ते!"

"तुमची परवानगी नाही ना, अण्णा."

"दिली परवानगी!"

"कुणाला सांगू?"

नाडी सुटायला आलेली. मी बोंबललो, "सगळ्यास्नी सांगा, पर आत घ्या!"

बाई नियमाच्या पक्क्या. पायरीवर उभं राहून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हे माझे पेशंट. मूळव्याध. आज ऑपरेशन. कारण, रोजची तिखट मिसळ!"

गर्दीतनं कुणीतरी विचारलं, "कुणाची मिसळ खातात हे?"

आकारामनं लगेच पत्ता सांगितला!

असूदे. ऑपरेशन झाक झालं. आणि हाटेलबी बंद पडलं न्हाय, बघा! फक्त गिऱ्हाईक बसलं की म्हणतंय, "मालक, तुमी सोता खाता तेच द्या."

आणि मी गुमान ताकभात वाढतो.