मांजर अडतीस टक्के

‘जगातली सगळी भांडणं मालकीतून होतात. या मंडळाला मालक नाही, म्हणून इथे भांडण नाही.’

हे वाक्य चष्मेवाल्यांनी आपल्या मंडळाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. मंडळाला मालक नव्हता हे खरं. पण ज्या यंत्रावर ते चालायचं ते स्वयंपाकघरात फ्रिजच्या डोक्यावर होतं, आणि फ्रिजला मालकीण होती. यंत्राच्या पंख्याची घरघर वाढली की यंत्र घराबाहेर, असं तिने स्पष्ट बजावलं होतं.

मंडळ जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांचं, इंटरनेटवर भरणारं. माणसं तीनशे चाळीस. कुठल्या कंपनीच्या वळचणीला नव्हतं ते. ज्याला हौस असेल त्याने आपापल्या घरी असं यंत्र, म्हणजे सर्व्हर, ठेवायचा. सगळे सर्व्हर एकमेकांशी बोलणार, आणि नाहीच पटलं तर एकमेकांना दार लावणार. दुकानात दिवसभर ‘आता नीट दिसतंय का?’ एवढंच विचारणाऱ्या चष्मेवाल्यांना माणसांत बसल्यासारखं वाटायचं ते फक्त इथे.

शिस्तीसाठी दोन मॉडरेटर होते. एक दंतवैद्य, एक गणिताच्या निवृत्त बाई. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. लहानमोठं कुणी नको म्हणून चष्मेवाल्यांनी दोघांना सारखे अधिकार दिले: पोस्ट काढायचा, परत लावायचा, आणि समतेच्या भरात एकमेकांना काढायचाही.

मंगळवारी कुणीतरी आपल्या रेडिओचा फोटो टाकला. रेडिओवर मांजर बसलेलं होतं. रेडिओ सोडून काही टाकू नये असा नियम. डॉक्टरांनी फोटो काढला. बाईंनी फोटोवर चौकटी आखल्या, मांजर अडतीस टक्के भरलं. बहुमत रेडिओचं, सबब फोटो परत. डॉक्टरांनी फोटो पुन्हा काढला आणि त्याच झटक्यात बाईंनाही काढलं.

चष्मेवाले तेव्हा एका आजोबांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत होते. त्यांनी एका हाताने फोनवरून बाईंना परत घेतलं. परत आलेल्या बाईंनी डॉक्टरांना काढलं. चष्मेवाल्यांनी डॉक्टरांना परत घेतलं. असं सातव्यांदा झालं तेव्हा आजोबा म्हणाले, “मला तीन ओळी दिसतायत. तुम्हाला मी दिसतोय का?”

दुकान बंद करून त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

“डॉक्टर, एक मांजर हो. सोडून द्या ना.”

“आज मांजर. उद्या मांजराची पिल्लं. परवा मेहुण्याच्या लग्नाचे फोटो. कीड अशीच पसरते, चष्मेवाले. मी रोज बघतो.”

मग बाईंना लावला. बाई त्याहून शांत होत्या. “पस्तीस वर्षं चुकलेल्या उत्तराला मार्क दिले नाहीत. आता या वयात तेवढं सांगू नका.”

बुधवारी दोघांनी आपापले सर्व्हर सुरू केले, खरं मंडळ आपलंच असं जाहीर केलं आणि एकमेकांना दार लावलं. मग चष्मेवाल्यांना दोघांकडून एकच निरोप आला: त्यांना दार लावा, नाहीतर आम्ही तुम्हाला लावतो. चष्मेवाल्यांनी रात्रीचं जेवण सोडून उत्तर लिहिलं की मला दोघांविषयी सारखाच आदर आहे. या वाक्याने आपला अपमान झाला, याबद्दल मात्र दोघांचं एकमत झालं. दोन्हीकडची दारं लागली.

सदस्यांपैकी काही इकडे गेले, काही तिकडे. बाकीच्यांना नुसता रेडिओ दुरुस्त करायचा होता. ते कुठेच न जाता नाहीसे झाले. शनिवारी चष्मेवाल्यांच्या सर्व्हरवर एक सदस्य उरला, आणि तो दर दहा मिनिटांनी कोणी आलंय का ते बघत होता.

“अहो, पंखा वाजत नाही आज,” बायको म्हणाली. “बिघडलं का?”

“चालू आहे. त्याला काम नाही.”

 तिने यंत्रावरची धूळ पदराने पुसली. सहा वर्षांत पहिल्यांदाच. चष्मेवाल्यांना त्याचंच जास्त लागलं.

रविवारी ते निरोपाचं पत्र लिहायला बसले. वाचायला कोणी नव्हतं, तरी दोनदा खोडून लिहिलं. यंत्राची वायर काढायला उठले, तेवढ्यात डॉक्टरांची मेल आली.

‘चष्मेवाले, इथे माझ्याकडे सतरा माणसं आली. सगळी शिस्तीची. चार दिवस झाले, एकाचंही काही काढावं लागलेलं नाही. सकाळी उघडतो, बघतो, बंद करतो. बाईंना कळवलं असतं, पण त्यांना दार लावून बसलोय. तुमच्यापुरतं दार उघडतो. वेळ असेल तर येऊन विषय सोडून एखादी पोस्ट टाकाल का? फार मोठी नको.’