मागणी क्रमांक अकराशे सात

लोकशाहीत प्रत्येकाला बोलण्याचा हक्क आहे. अडचण एवढीच, की सगळे मिळून बोलले तर ते ऐकू येतं.

ही अडचण दूर करण्यासाठी सभागृहात तीन दिवस घमासान चर्चा झाली आणि सार्वजनिक सेवेतल्या कर्मचाऱ्यांच्या सामूहिक वाटाघाटींवर मर्यादा घालणारा नियम एकेचाळीस विरुद्ध अडतीस मतांनी मंजूर झाला. (एकेचाळीस जणांनी एकाच वेळी हात वर केले, कारण तसा पक्षादेश होता. याला सामूहिक म्हणत नाहीत, शिस्त म्हणतात.) नियम सुटसुटीत होता. कर्मचाऱ्याने हवं ते खुशाल मागावं. फक्त एकट्याने, स्वतःपुरतं आणि ठरलेल्या खोलीत. दोन किंवा अधिक कर्मचारी सेवेच्या अटींबद्दल एकत्र बोलताना आढळले, तर तो जमाव समजण्यात येईल.

ठरलेली खोली तळमजल्यावर, जुन्या दप्तरांच्या शेजारी होती. दारावर ‘वैयक्तिक संवाद कक्ष’ अशी पाटी लागली. बाहेरचं बाकडं हलवण्यात आलं, कारण त्यावर तिघं मावत. त्याऐवजी भिंतीकडे तोंड करून सुट्या खुर्च्या मांडल्या. आणि संवाद अधिकारी म्हणून भाऊसाहेबांची नेमणूक झाली.

भाऊसाहेब म्हणजे सव्वीस वर्षं आवक-जावक सांभाळलेले, नाकासमोर चालणारे गृहस्थ. त्यांची बायको सार्वजनिक रुग्णालयात परिचारिका. अख्खं शहर तिला सिस्टर म्हणे. भाऊसाहेब अर्थातच म्हणत नसत.

कर्मचारी सहा हजार दोनशे चौदा. दिवसाला सोळा मुलाखती. म्हणजे सगळ्यांचं ऐकून व्हायला कामाचे तीनशे एकोणनव्वद दिवस लागणार होते, आणि मान्य झालेली मागणी एक वर्ष टिकणार होती. शेवटच्या माणसाचं ऐकून होईपर्यंत पहिल्याचं संपलेलं असणार. या योजनेचा भाऊसाहेबांना फार अभिमान वाटे. काम कधीच संपणार नाही अशी खुर्ची सव्वीस वर्षांत त्यांना प्रथमच मिळाली होती.

पहिल्याच आठवड्यात विजेच्या खांबांवर चढणारा तारवाला आला.

“साहेब, मी वर असतो तेव्हा खाली शिडी धरायला एक माणूस पाहिजे.”

भाऊसाहेबांनी विचार करून शेरा लिहिला : ‘दुसऱ्या माणसाची मागणी दुसऱ्या माणसाने करावी.’

“पण तो दुसरा माणूस भरतीच झालेला नाही ना!”

“मग त्याची काही तक्रारही नसणार,” भाऊसाहेब म्हणाले. तारवाला बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. आपला मुद्दा पटला, असं भाऊसाहेबांना वाटलं.

यथावकाश त्यांचा स्वतःचा क्रमांक आला. नियमाला अपवाद नव्हता. त्यांनी बाहेर जाऊन दार वाजवलं, आत येऊन समोरच्या खुर्चीत बसले आणि पंख्याबद्दल गाऱ्हाणं मांडलं. मग उठून टेबलाला वळसा घातला, आपल्या जागी बसले आणि पंखा खोलीतल्या दोन्ही व्यक्तींना वारा देत असल्याने मागणी सामूहिक ठरते, असं स्वतःला समजावून सांगितलं. मागणी फेटाळली गेली. घरी जाताना त्यांना वाईट वाटलं, पण अधिकाऱ्याबद्दल मनात अढी नव्हती.

घरी मात्र पंचाईत झाली होती. नवराबायको दोघंही सार्वजनिक सेवेत, म्हणजे स्वयंपाकघरात जमाव व्हायला कितीसा वेळ! सिस्टर पाय सुजवून यायच्या, चपला काढता काढता म्हणायच्या, “अहो, आज वॉर्डात...”

“अगं, थांब! काय असेल ते रीतसर, क्रमांक लागल्यावर.”

पुढे सिस्टरांनी सांगायचंच सोडलं. घर शांत झालं. नियमाचा फायदा घरोघरी कसा पोचतो, याचं भाऊसाहेब हे उदाहरण सांगत.

सिस्टरांचा क्रमांक अकराशे सात. त्या ड्यूटीवरून तशाच आल्या, भिंतीकडे तोंड करून चाळीस मिनिटं बसल्या आणि आत आल्या.

“नाव?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“विसरलात?”

“रकाना आहे, भरावा लागतो.”

त्यांनी नाव सांगितलं. मग म्हणाल्या, “वॉर्डात छत्तीस खाटा आहेत आणि मी एकटी. आणखी एक नर्स द्या.”

“ही मागणी वॉर्डाची झाली. तुमची स्वतःची काय ती सांगा.”

सिस्टरांनी टेबलावर दोन्ही हात ठेवले. जंतुनाशकाने बोटांची सालं निघाली होती. ती भाऊसाहेबांनी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली.

“बरं, माझी एकटीची लिहा. आठ तासांत एकदा मला बाथरूमला जायचंय.”

भाऊसाहेबांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

“त्या वेळात वॉर्डात कोण असेल?”

“कोणी नाही.”

“मग बदली माणूस लागेल. म्हणजे दोन माणसं. म्हणजे हे...”

“सामूहिक,” सिस्टर म्हणाल्या. “द्या इकडे, कुठे सही करायची?”

दीड महिन्याने भाऊसाहेबांचं अपेंडिक्स सुजलं. शस्त्रक्रिया झाली आणि त्यांना सिस्टरांच्याच वॉर्डात, सतरा नंबरच्या खाटेवर आणून टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची सलाईन संपली आणि नळीत रक्त उलटं चढू लागलं. त्यांनी हाक मारली. पलीकडे नऊ नंबरवाला उलट्या करत होता. सिस्टर त्याच्याजवळ होत्या. त्याच वेळी एकतीस नंबरचे म्हातारबुवा खाटेच्या कडेवर हात आपटू लागले. आधी जोरात, मग हळू.

भाऊसाहेबांनी तिघांमध्ये पळणाऱ्या आपल्या बायकोकडे पाहिलं आणि हाक मारायचं थांबवलं. नळी त्यांनी स्वतःच्याच हाताने दाबून धरली. एकतीस नंबरवर सिस्टर पोचल्या तेव्हा हात आपटायचा थांबला होता. त्यांनी नाडी पाहिली, घड्याळ पाहिलं, चादर वर ओढली आणि लगेच सतरा नंबरवर आल्या. त्यांचा चेहरा भाऊसाहेबांना बघवेना.

“अगं, मी...”

“बोलू नका,” त्या सुई काढत म्हणाल्या. “टाके ओढतील.”

त्या संध्याकाळी भाऊसाहेबांनी पडल्या पडल्या नियम मनात तपासला. कर्मचाऱ्यांनी एकत्र येऊ नये, असं त्यात होतं. रुग्णांबद्दल अवाक्षर नव्हतं. त्यांनी एका कागदावर आणखी एका परिचारिकेची मागणी लिहिली, खाली सही केली आणि पोट धरून खाटेखाटेपाशी गेले.

नऊ नंबरवाला म्हणाला, “मी परवा घरी जाणार, मला कशाला?” बारा नंबरच्या मते परिचारिका फार माजल्या होत्या. वीस नंबरने कागद दोनदा वाचला, अगदी मनापासून पटल्याचं सांगितलं आणि आधी इतरांच्या होऊ द्यात म्हणाला. सव्वीसचा जावई सभागृहात होता. पस्तीस जणांपैकी सही केली कोणी? भाऊसाहेबांनी. एकट्यानेच केल्यामुळे ती मागणी वैयक्तिक ठरली पण वॉर्डाची असल्याने फेटाळली गेली. शेरा त्यांच्याच कक्षातून, त्यांच्या जागी बसलेल्या बदली माणसाने मारला. अक्षर सुरेख होतं.

शेऱ्यासह परत आलेला तो कागद आता वॉर्डाच्या दाराशी लटकतो आहे. शेजारी दोरीला पेन बांधलं आहे. नातेवाइकाला भेटायला आपण त्याच दारातून जाऊन आलात, घाईत सही राहून गेली, हे समजण्यासारखं आहे. एकतीस नंबरची चादर बदलली आहे आणि खाट सध्या रिकामी आहे.

बाकी, आपली तब्येत कशी आहे?