शेवटचं पान आधी

दत्तूबाबांच्या हातात कुठलंही पुस्तक द्या, ते आधी शेवटचं पान वाचतात. तिथेच, माझ्या टेबलासमोर, उभ्या उभ्या. शेवट पटला तर पुस्तक पिशवीत जातं. नाही पटला तर "हो ड्रायवर शेवटाक न्हिदलो गो बाय," असं म्हणून परत माझ्या पुढ्यात येतं. ड्रायवर म्हणजे लेखक, आणि तो शेवटाला झोपला.

दत्तूबाबांनी उभी हयात खाणीवर टिपर चालवला. खाणी बंद पडल्या, टिपर गेला, आणि सर्वणहून डिचोलीला आमच्या वाचनालयात त्यांच्या खेपा वाढल्या. रटाळ प्रकरण आलं की म्हणतात, "हांगा चडण आसा, दुसऱ्या गियरार वाचूंक जाय." शेवट आधी का वाचता, असं मी एकदा विचारलं, तर मलाच वेड्यात काढलं. "ट्रक भरचे आदीं तो खंय रिकामो करपाचो तें विचारूंक नाका?" मी इथे ग्रंथपाल आहे, आणि वाचायचं कसं ते मला ते शिकवत होते.

गेल्या वर्षी आमच्या वाचनालयाने एक घाट घातला. डिचोली आणि आसपासच्या गावांनी मिळून एकच कादंबरी वाचायची. दर वाड्याला एक प्रत. एका घरात आठ दिवस, मग त्या घराने रविवारी ती पुढच्या घरी पोचवायची, बसून चहा घ्यायचा. शेवटी देवळाच्या मंडपात सगळ्यांनी जमून बोलायचं. कल्पना माझी होती, त्यामुळे ती फसली तर हसंही माझंच होणार होतं. आणि सर्वणच्या वाड्याच्या यादीत पहिलं नाव मी, शहाणीने, दत्तूबाबांचं घातलं. सगळ्यात जास्त वाचणारा माणूस म्हणून!

कादंबरीत एक आई बोटीवर गेलेल्या मुलाची वाट बघत असते. तो परत येतो की नाही, एवढ्यावरच सगळी कादंबरी उभी. प्रत दत्तूबाबांकडे गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पदेर सायकलचा भोंगा वाजवत पाव घेऊन आला. दत्तूबाबांनी चार उंडे घेतले आणि त्याला सांगून टाकलं, "पूत येता रे. पूण आवय गेल्या उपरांत." पदेर बोलका. त्या सकाळी त्याने पावाबरोबर शेवटही घरोघर पोचवला: मुलगा येतो, पण आई गेल्यावर.

दहा वाजता दत्तूबाबांच्या शेजारच्या मालिनीवैनींचा फोन.

"पूत येता तें आमकां पावांवांगडाच कळ्ळें. आतां त्या पुस्तकाचें कितें लोणचें घालूं?"

पुढच्या घराने प्रत घ्यायलाच नकार दिला. त्याच्या पुढच्याने तेच केलं. वाड्याचा निरोप मालिनीवैनींमार्फत आला: "ताचें नांव काडात, ना जाल्यार आमचीं काडात."

मी तणतणत सर्वणला गेले. वाटेत भाषणही जुळवलं होतं. दत्तूबाब सोप्यावर बसून पुस्तक वाचत होते, यावेळी पहिल्या पानांपैकी कुठलंतरी. मला बघून लगबगीने चहा ठेवायला आत गेले. उघड्या दारातून त्यांच्या बायकोचा फोटो दिसत होता, त्याला ताजी अबोली. चहा आला, बरोबर सकाळचा उंडाही आला. असा पाहुणचार करणाऱ्या माणसाला खडसावणं जड जातं, पण मी उरकून टाकलं.

"दत्तूबाब, तुमचें नांव यादींतल्यान काडचें पडटलें. शेवट सांगलो जाल्यार लोकांची मजा वता."

मजा जाते म्हटल्यावर त्यांनी आपला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "हांवय तशेंच म्हणिल्लें."

त्यांच्या शालूला वाचता येत नव्हतं. दत्तूबाब खाणीवरून आले की तिला वाचून दाखवायचे, ती भाजी चिरता चिरता ऐकायची. अशी कितीतरी पुस्तकं संपवली दोघांनी. ती आजारी पडली तेव्हाही ते दवाखान्यात खाटेशेजारी बसून वाचायचे. एका संध्याकाळी वीसेक पानं उरली होती आणि भेटायची वेळ संपली.

"म्हणपाक लागली, शेवटाक कितें जाता तें तरी सांग. हांवें म्हळें, फाल्यां. आतां सांगलें जाल्यार मजा वता."

त्यांचं ते 'उद्या' उजाडलं, ते पुस्तक घेऊन गेले, तेव्हा शालू नव्हती.

"तेन्नाच्यान हांव कोणाक फाल्यां म्हणना, बाय."

माझा चहा निवून गेला होता. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, त्या पुस्तकाचा शेवट काय होता?

"खबर ना. तुमच्या वाचनालयांत परत दिलें. उक्तें करपाचो धीर जालो ना."

आमच्या वाचनालयातल्या निम्म्या पुस्तकांचे शेवट या माणसाला ठाऊक आहेत, आणि हा एक उघडून बघायचा धीर झाला नाही. मला फार वाईट वाटलं, आणि माझ्या भाषणाची लाजही वाटली.

नाव मी काढलं नाही. परत जाताना मालिनीवैनींच्या घरी शिरले आणि सगळं सांगितलं. त्यांनी खिडकीतून दत्तूबाबांच्या सोप्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दी तें पुस्तक हाडून. आवय कशी गेली तें तरी वाचूं." त्यांनी घेतलं तसं बाकीच्या घरांनीही घेतलं.

दत्तूबाबांनी सांगितलेलं ते जुनं पुस्तक मी कपाटातून शोधून काढलं. वीसेक पानं राहिली होती तिथे कोपरा दुमडलेला. पानं दुमडणाऱ्यांवर मी एरवी खेकसते. तो कोपरा मी सरळ केला नाही.

रविवारी ते घेऊन सर्वणला गेले. मालिनीवैनी वालाच्या शेंगा सोलायला घेऊन दत्तूबाबांच्या सोप्यावर येऊन बसल्या होत्या. दत्तूबाबांनी पुस्तक ओळखलं, हातात घेतलं आणि न उघडता मला परत दिलं.

"तूं वाच."

"शेवटचें पान आदीं वाचूं?" मी विचारलं.

"ना, ना. आमी राविल्लीं थंयसून."

मी दुमडलेलं पान उघडलं. पहिली ओळ हळू आवाजात वाचते न वाचते तोच त्यांनी हात वर करून मला थांबवलं, उठून फोटोच्या बाजूचं दाराचं दुसरं कवाड उघडलं आणि पुन्हा जागेवर येऊन बसले.

"मातशें व्हडल्यान वाच गो बाय. भितर आयकूंक येवंक जाय."