काका-पुतणीची बाबागाडी

एप्रिलच्या अकराव्या तारखेस, मंगळवारी, सकाळी साडेदहा वाजता, कारागांदा शहरातील एका नऊमजली इमारतीच्या सातव्या मजल्यावर तोलेगेन यांच्या घराण्याची बैठक भरली. विषय एकच होता : घरातील दोन लहान मुलांसाठी दोन आसनांची बाबागाडी कोणत्या प्रकारची घ्यावी. बैठकीस घरातील सर्व मोठी माणसे हजर होती. फक्त मर्झान, म्हणजे ती गाडी जिला ढकलायची होती ती सून, स्वयंपाकघरात चहा करीत असल्यामुळे तिचे मत घेण्याचे राहून गेले.

मर्झानची मागणी फार मोठी नव्हती. थोरला एलामान अडीच वर्षांचा, धाकटी तोमिरिस आठ महिन्यांची. धाकटी जन्मल्यापासून ती दोघांना घेऊन एकदाही एकटी घराबाहेर पडू शकली नव्हती. एकीला कडेवर घ्यावे तर दुसरा रस्त्याकडे धावे आणि दुसऱ्यामागे धावावे तर पहिली रडून इमारत गोळा करी. दहा मिनिटांवर एक तळे होते. त्या तळ्याकाठी दोन्ही मुलांसह अर्धा तास बसावे, एवढेच तिला हवे होते.

तिचा नवरा सेर्झान भूमापन खात्यात असल्यामुळे आकडे तयार होते. "गाड्या दोन जातीच्या. एक शेजारशेजार, एक मागेपुढे. शेजारशेजारची रुंदी शहात्तर सेंटिमीटर, आपल्या लिफ्टचं दार अडुसष्ट. म्हणजे मागेपुढेच घ्यावी लागणार."

"घे की," सेर्झानचे वडील तोलेगेन म्हणाले. "पण पुढे कोण बसणार?"

हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल, पण तो तसा नव्हता. पहिले नातवंड आजी-आजोबांचे, हा घराण्याचा रिवाज. त्यानुसार एलामान जन्मला त्याच आठवड्यात तोलेगेननी त्याला आपला मुलगा म्हणून मांडीवर घेतले होते. तो आजोबांना बाबा म्हणे, सख्ख्या बापाला दादा म्हणे आणि मर्झानला वहिनी. "वहिनी, शी झाली," अशी हाक दिवसातून दोनदा येई आणि वहिनी धावत जाई. अशा रीतीने एलामान हा आपल्याच सख्ख्या बहिणीचा काका होता. काकाने पुतणीच्या पाठीमागे बसावे, हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

वरच्या मजल्यावरच्या ओस्पान गुरुजींना, भूगोलाच्या निवृत्त शिक्षकांना, मुद्दाम बोलावले होते. ते म्हणाले, "मानाची जागा दारापासून सर्वांत लांबची. आधी गाडीचं दार कुठं ते ठरवा."

"गाडीला दार नसतं, गुरुजी," सेर्झान म्हणाला.

"दार नाही तर मान कशावरून मोजायचा? म्हणजे दार असलंच पाहिजे. तू शोधलं नाहीस."

चहाच्या तीन किटल्यांनंतर असे ठरले की, ढकलणारी व्यक्ती जिथे उभी राहते ती दाराची बाजू. सून तशीही चहा द्यायला दारापाशीच बसते, त्यामुळे हा निर्णय शास्त्रालाही धरून झाला. पुढची जागा काकाची.

शनिवारी मंडळी दुकानात गेली. तेथे सासूबाईंनी, म्हणजे कुल्याश यांनी, नवा मुद्दा काढला. रिकामा पाळणा हलवू नये, अपशकुन होतो. मग रिकामी गाडी तरी का हलवावी? मुले घरी मर्झानपाशी होती. तेव्हा शेजारच्या किराणा दुकानातून चौदा किलो पीठ आणि आठ किलो तांदूळ आणून, पीठ पुढे व तांदूळ मागे असे रीतसर बसवण्यात आले. सेर्झानने गाडी ढकलली. ती दारातली पायरी चढेना.

"पिठाचं वय काय?" दुकानातल्या बाईंनी विचारले.

"अडीच वर्षं," सेर्झान म्हणाला.

"मग ते मागं बसवा. जड मूल मागं, हलकं पुढं, पुस्तकात लिहिलंय."

"ते पीठ त्या तांदळाचा काका आहे," तोलेगेन शांतपणे म्हणाले.

बाई सासरी नांदलेल्या होत्या, त्यांना अधिक सांगावे लागले नाही. "असं होय. मग शेजारशेजारची घ्या. भांडणच नको."

घेतली. ती लिफ्टमध्ये मावणार नाही हे सर्वांना ठाऊकच होते. ती तळमजल्याच्या ओसरीत ठेवायची, तर गृहव्यवस्था कार्यालयाचा परवाना हवा. परवाना मिळेपर्यंत सेर्झानने ती सात जिने चढवून सज्ज्यात उभी केली. रिकामी राहू नये म्हणून पीठ आणि तांदूळ तिच्यातच, पट्टे बांधून. मर्झान रोज कणीक मळण्यापुरते त्यातलेच पीठ काढी आणि काका दिवसेंदिवस वाळत चालला.

अर्ज तीन पानी होता. तोलेगेनचे अक्षर घराण्यात सर्वांत सुंदर, म्हणून तो त्यांनीच भरला. पहिले मूल : एलामान. पिता : तोलेगेन, वय सदुसष्ट. माता : कुल्याश, वय चौसष्ट. दुसरे मूल : तोमिरिस. पिता : सेर्झान. यात एकही शब्द त्यांना खोटा वाटला नाही, आणि अर्जाचा घात नेमका त्यामुळेच झाला.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. दोन आसनांच्या गाडीचा परवाना एकाच मातापित्यांच्या दोन अपत्यांना देय असतो. प्रस्तुत गाडीतील प्रवासी भिन्न कुटुंबांतील असल्याने अर्ज नामंजूर. उत्तराची प्रत नियमानुसार दवाखान्यात गेली. दवाखान्याने नियमानुसार कुल्याश यांना बाळंतपणानंतरच्या तपासणीसाठी बोलावले आणि उशीर केल्याबद्दल समज दिली. तोलेगेनना नवपित्यांच्या वर्गाचे निमंत्रण आले. ते सहाही दिवस पहिल्या रांगेत बसले, रबरी बाहुलीला त्यांनी सर्वांत कमी पाण्यात आंघोळ घातली आणि त्याचे प्रशस्तिपत्र चौकट करून भिंतीवर लावले. त्या काळात एलामानला आंघोळ वहिनीच घालीत होती, पण तिच्याकडे प्रशस्तिपत्र नव्हते.

जूनमध्ये पीठ संपले. मर्झानने त्या दिवशी प्रथमच तोंड उघडले. "मामंजी, उन्हाळा चाललाय. कागदापुरता एलामान ह्यांचा मुलगा म्हणून दाखवला तर?"

"सूनबाई," तोलेगेन दुखावून म्हणाले, "एका गाडीसाठी मी मुलगा सोडू?"

"सोडू नका हो. नुसता लिहू नका."

"माझ्या हातून खोटं अक्षर उमटत नाही," ते म्हणाले. त्यांनी वरिष्ठांकडे दाद मागितली आणि सुनावणीची तारीख मिळवली.

सुनावणीस सर्व कुटुंब, गुरुजी आणि पुरावा म्हणून खुद्द गाडी, असे सारे हजर झाले. गाडीत या वेळी खरी मुले होती. खुर्चीवर गौहर नावाच्या बाई होत्या. बावीस वर्षे अर्ज वाचून त्यांच्या चेहऱ्यावरचे सर्व अनावश्यक भाव गळून गेले होते.

"मुलगा आजोबांचा, मुलगी बापाची. बरोबर?" त्यांनी विचारले.

"बरोबर," तोलेगेन म्हणाले.

"मग ही कुटुंबाची गाडी नाही. सार्वजनिक प्रवासी वाहन आहे. बसमधले प्रवासी एका आईचे असतात का?"

"नसतात," गुरुजींनी मान्य केले.

"झालं तर. बसला नातं लागत नाही, चालक लागतो. चालकाचा रकाना तुम्ही कोरा सोडलाय. कोण चालक?"

मर्झानने मान वर केली. पण तोलेगेन आधीच उभे राहिले होते. "घरात कर्ता मी आहे. लिहा माझं नाव."

"लिहिते. आधी परीक्षा," गौहर म्हणाल्या. "एक मूल कडेवर. दुसरं हरवता कामा नये. आणि एका हातानं गाडी मिटा."

तोलेगेननी तोमिरिसला कडेवर घेतले, अगदी वर्गात शिकवल्याप्रमाणे, आणि गाडीला मिटण्याविषयी दोनदा आज्ञा केली. मग त्यांनी एक दांडा ओढला. गाडीने त्यांची बाही गिळली. ती सोडवेपर्यंत एलामान दुसऱ्या मजल्यावर पोचला होता. करभरणा खिडकीपाशी तो एका शिक्क्यासह सापडला.

सेर्झानची पाळी आली. त्याने प्रथम गाडी मोजली. मग पुस्तिका वाचता यावी म्हणून तोमिरिस गुरुजींकडे दिली आणि एलामान तोमिरिसच्या आईकडे दिला. "दोन्ही मुलं सोपवून झाल्यावर गाडी मिटणं सोपंच असतं," गाडी मिटण्याची वाट न पाहता गौहर यांनी शेऱ्यात लिहिले. "तोंडी परीक्षा घेते. मोठ्याच्या बुटाचं माप काय?"

"लहान," तोलेगेन म्हणाले.

"दोन बूट आहेत," सेर्झान म्हणाला.

दोघांनीही सवयीने मर्झानकडे पाहिले. ती तोमिरिसला गुरुजींकडून परत कडेवर घेत होती. गुडघ्याने तिने एलामानला भिंतीशी अडवले, पायाने खालची कळ दाबली, मनगटाने दांडा उलटा केला. गाडी खटकन मिटून जमिनीशी लागली. "चोवीस," ती म्हणाली. "उजवा पाय जरा मोठा आहे, म्हणून पंचवीसचे घेते आणि डाव्यात कापूस घालते."

पाठीमागे आपापले अर्ज घेऊन रांगेत उभी असलेली पुरुष मंडळी पोट धरून हसत होती. गौहर यांनी मान वर केली आणि पहिल्याच गृहस्थाला विचारले, "तुमच्या धाकट्याचं माप?" गृहस्थ हसायचे थांबले. त्यांनी खिशातून फोन काढला आणि घरी विचारण्यासाठी जिन्याकडे गेले. त्यांच्यामागून आणखी दोघे गेले. रांग बघता बघता निम्मी झाली. (हे वाचताना आपल्या मनात एखादा आकडा आला असेल, तर तो बरोबर आहे की नाही हे कुणाला विचारावे लागेल, तेही मनातच ठरवावे.)

मर्झानने गाडी उघडली, दोघांना बसवले, पट्टे लावले. कुणाला कोणत्या बाजूला बसवले हे पाहण्याचे, इतक्या चर्चेनंतर, कुणालाच सुचले नाही. "मी तळ्यावर जाऊन येते," ती म्हणाली आणि निघाली. तिची परवानगी मागण्याची पद्धत नेहमी याहून लांबलचक असे.

तोलेगेन टेबलापाशी तसेच उभे होते. त्यांना न्याय हवा होता, आणि तो लेखी हवा होता. "पण बाई, माझा मूळ प्रश्न राहिलाच. मुलगा कुणाचा?"

गौहर यांनी शिक्का उचलला, शाईत बुडवला आणि कागदावर मारला.

"मुलगा तुमचा असेल," त्या म्हणाल्या. "गाडी तिची."