फाडायचं, का भोकं पाडायची?

ऑपरेशन करून कुणी घरी आलं, की आमच्या नेरूळच्या सोसायटीत त्याच्याकडे पहिला पाहुणा ठरलेला: तळमजल्यावरचे सर्जेराव. हातात दोन मोसंबी, आणि 'बरं आहे ना' वगैरे काही नाही. थेट, "टाके दाखवा." माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा या गृहस्थांनी चष्मा लावून माझं पोट इतकं निरखलं, की शेवटी मीच पांघरूण ओढून घेतलं.

कारण त्यांचा स्वतःचा हर्निया. तुर्भ्याच्या मार्केटात कांद्याच्या गोणी वाहून वाहून बेंबीच्या वर लिंबाएवढा फुगवटा आलेला. शिंक आली की आधी तो तळहाताने दाबायचा, मग शिंकायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. पण यांचं एकच पालुपद: "फाडायचं, का भोकं पाडायची?" फाडलं तर मोठी चीर, लय दुखणार. भोकं पाडली तर नवीन दुर्बीण आत, जखम इवलीशी. दूधवाल्यापासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांचं डोकं खाऊन झालं. आम्ही आपले हसायचो. म्हातारा घाबरतोय, दुसरं काय!

एका दुपारी ते जिन्यात पोट धरून बसलेले दिसले. चेहरा पांढराफटक. मी भडकलोच. "अहो, भोकं पाडून टाका ना एकदाची! दुसऱ्या दिवशी घरी!"

"त्येच तर न्हाय जमत," ते हळूच म्हणाले. "घरी कोन हाय? फाडलं तर लय दिस वॉर्डात ठेवत्यात. मानसं तरी असत्यात."

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लेकी साताऱ्याकडे आपापल्या संसारात. हे सगळं मला ठाऊक होतं.

शेवटी त्यांनी फाडूनच घेतलं. मी डबा घेऊन जायचो, तर हे पडल्या पडल्या शेजारच्या खाटेवरच्याला ओरडतायत, "अवो, टाके दाखवा की!" कण्हत होते, पण इतकं खूश मी त्यांना सोसायटीत कधी पाहिलं नव्हतं.

सुट्टी मिळाली त्या सकाळी घरी न्यायला गेलो. पिशवी भरलेली नव्हती. मला बघताच त्यांनी सदरा वर केला.

"बगा की जरा. लाल वाटतंय, न्हाय? डागदरला सांगा. आजून दोन दिस ठेवतील."

जखम कोरडी होती, अगदी स्वच्छ.

"हो," मी म्हणालो, "जरा लाल आहे खरी." आणि डॉक्टरांना शोधायला निघालो.