कवडूभाऊचा रिकामा खिळा

कवडूभाऊ कोणाच्या घरी गेला त पाणी मागत नाई, चहा मागत नाई. उंबऱ्याबाहेर उभा राह्यते, चपला काढते अन् विचारते, "काई तुटलं-फुटलं हाये का घरात?"

सकाळच्या पाह्यरी असं कोणी विचारते का? पण तो विचारते. अन् 'हाये' म्हटलं त त्याचा चेहरा असा खुलते, जसं कोणी पाटावर बसवून खीर वाढली.

आमचं गाव पहाडावर हाये. घरं चाळीसच्या आत. एसटी खालच्या फाट्यावर सोडून देते, तिथून पुढं आपले पाय. कवडूभाऊ याच गावचा, माह्या बाजूच्याच घरचा. मिसरूड फुटायच्या आधी घुग्घुसले कोळशाच्या खाणीवर गेला, वर्कशापात फिटर झाला, अन् सहा साल आधी रिटायर होऊन वापस आला. सामान काय, त एक पेटी, एक वेल्डिंगची मशीन अन् अर्धं पोतं कोळशाचा चुरा, ट्रकाईतून रस्त्यावर सांडलेला. मी म्हटलं, "जंगलात लाकडं कमी पडले का, कोळसा काऊन आणला?"

"काळा रंग लागन," म्हणे.

लगन केलं नाई. विचारलं त सांगते, "शिफ्टा बदलत राह्यल्या, राहून गेलं." जसं काई बाजारातून मीठ आणायचं राहून गेलं.

पहिल्या साली लोकाईले वाटलं, हा भंगाराचा धंदा करून राह्यला. पण भंगारवाला वजन करते. हा वजन करत नाई, हा गोष्ट विचारते. "कसं तुटलं ते सांगजो." सांगितल्याशिवाय वस्तूले हात लावत नाई. सरपंचबाईनं मिक्सरचं झाकण देलं अन् म्हणाली, "पडलं." हा तिथीच उभा. "कसं पडलं, बाई?" शेवटी तिले सांगावं लागलं का चटणी शेंगदाण्याची करायची का जवसाची, यावरून नवऱ्याशी वाजलं, अन् झाकण त्याच्या डोक्याच्या बाजूनं गेलं. सीताबाईनं अर्धी कवळी देली. बोराच्या आठोळीवर दात मोडले होते, अन् बोरं दुसऱ्याच्या झाडाचे होते. तेही सांगावं लागलं.

वस्तू हातात आली का तीन खेपा फिरवून पाह्यते, एक डोळा बारीक करते अन् म्हणते, "बसते. जागा सापडली का समदं बसते." फिटर होता ना. एकदा एका लगनाच्या पंगतीत जागा नव्हती. यानं दोन जाड्या पाहुण्याईच्या मधात वितीनं मापलं, एक डोळा बारीक केला अन् म्हणे, "बसते." अन् बसला. पाहुणे दोन्हीकडून सांडले.

या समद्या तुटक्याफुटक्याचं तो एक चित्र करून राह्यला होता. जुने आठ दरवाजे आडवे जोडले. बारदाना चिचोक्याच्या खळीत भिजवून त्याचा पहाड केला. फाटक्या जाळ्याचं जंगल. फुटक्या हिरव्यानिळ्या बांगड्याईची बोडी, म्हणजे गावामांगचं आमचं तळं. गेरू, चुना, अन् तो घुग्घुसचा कोळसा. पहाडावर गाव, अन् गावात प्रत्येक घराच्या जागी त्याच घरची तुटकी वस्तू. आंगणात ताडपत्रीखाली झाकून ठेवे, कोणाले पाहू देत नव्हता. मले तवा बाजूच्या घरातून नुसता आवाज ऐकू ये. खिळा ठोकला का समजायचं, एक घर आलं.

फक्त एका घरानं त्याले काई देलं नाई. ते घर माहं.

मी लहानू. बोडीत मासोळ्या धरतो, दोन बांध्या धान पिकवतो, जाळं माहं मीच विणतो. शिकलो चौथीपर्यंत, पण कोणाचं पाहून लिहिलं नाई. मी त्याले पहिल्याच खेपेले सांगून देलं, "माह्या घरी तुटकं काई राह्यत नाई. तुटलं त मी सांधतो. सांधल्या नाई गेलं त चुलीत टाकतो."

"पाहून त घे," म्हणे.

"पाह्यलं."

सहा साल हेच बोलणं. तो पोळ्याले येणार, दिवाळीले येणार, कवडीचं काम नसताना येणार. माही सून मंगला दाराआडून हासे. "मामाजी, देऊन टाका ना एखादी फाटकी चप्पल." मी म्हटलं, "माही चप्पल फाटत नाई." फाटली होती. तीच पायात होती.

पण खरं सांगतो. तुटकी वस्तू होती घरात. आड्याले टांगलेली होती. अन् वस्तू द्यायले मले काई अडचण नव्हती, ती कशी तुटली हे सांगायचं नव्हतं.

औंदा धान कापून झाले अन् घरोघरी पिवळे तांदूळ आले. आमच्या इथी हळदीचे तांदूळ दारात ठेवले म्हणजे लगनाचं आवतन. ठेवायले खुद कवडूभाऊ आला. "ऐतवारी सकाळी समाजमंदिरात येजो, लहानूभाऊ. समद्याईले घेऊन येजो." एवढं बोलला अन् पुढच्या घरी गेला. पहिल्यांदा त्यानं तुटकं मागितलं नाई.

साठीच्या पुढच्या माणसानं पिवळे तांदूळ देले त गावात काय होईन ते समजून घ्या. बोडीवर धुण्याचे कपडे कमी अन् तोंडं जास्त वाजायले लागले. सीताबाई म्हणे, "नवरी भद्रावतीची हाये, मी तिचा फोटो पाह्यला त्याच्या मोबाईलवर." दुसऱ्या दिवशी समजलं का तो फोटो रिचार्जच्या जाहिरातीचा होता. तरी सीताबाई म्हणे, "जाहिरातीवाल्याईचे काय लगनं होत नाई?"

त्याचं माहं पटत नाई ते वेगळं, पण आहेराच्या बाबतीत मी कोणाले हार जात नाई. समदे लोक स्टीलच्या थाळ्या आणतीन हे मले माहीत होतं. मी आरमोरीच्या बाजारात गेलो अन् चिनी मातीच्या सहा कपबश्या आणल्या, गुलाबाच्या फुलाच्या. मंगला म्हणे, "मामाजी, हे फुटते." मी म्हटलं, "फुटू दे. नवरीले समजलं पाह्यजे का बाजूच्या घरी कोण राह्यते."

ऐतवारी गाव उलटलं. बायाईनं ठेवणीतले लुगडे काढले. खालच्या टोल्याच्या वस्तीवरचे डफडेवाले न बोलावता आले. समाजमंदिराले आंब्याचे डगाले बांधले होते, अन् समोरच्या भिंतीपुढं पांढरं धोतर आडवं धरलेलं. मंग अंतरपाट नाई त काय समजायचं? कवडूभाऊ धोतराच्या अल्याडच, धुतलेला सदरा घालून उभा. नवरी पल्याड असन, असं धरून सीताबाईनं नव्या कवळीनं मंगलाष्टक सुरू केलं. दोघी-तिघीईनं सूर लावला. कोणीतरी तांदूळ फेकले. कवडूभाऊ गोंधळला, पण गाणं चांगलं चाललं म्हून त्यानं संपू देलं. मंग धोतर सोडलं.

पल्याड आठ दरवाजे.

डफडं थांबलं. सरपंचबाई म्हणे, "नवरी कुठी हाये?"

"हेच हाये," कवडूभाऊ म्हणे.

"काय हेच?"

"गाव."

मंग त्यानं समजावलं. "प्रदर्शन हाये म्हटलं असतं त तुम्ही खतवाल्याचं समजले असते अन् दोन पोट्टे पाठवले असते. मले समदं गाव एका वेळी पाह्यजे होतं. अन् समदं गाव एका वेळी फक्त लगनाले येते. मयतीले बी अर्धंच येते."

सीताबाई चिडली. "म्हणजे मी दरवाज्याईचं लगन लावलं?"

"चांगलं लावलं, बाई."

आहेर कोणी वापस नेला नाई. आणलेला आहेर घरी नेला त घरात बरकत राह्यत नाई, असं आमच्यात हाये. थाळ्याईचा ढीग झाला, वर माह्या कपबश्या.

मंग लोक दरवाज्याईपाशी गेले अन् भांडण सुरू झालं. "माह्या घराले चप्पल, अन् तिच्या घराले आरसा काऊन?" "तू चप्पल देली म्हून." "आमचं घर पाटलापेक्षा खाली काऊन दाखवलं?" "खालीच हाये ते." सरपंचबाईचा नवरा मिक्सरच्या झाकणापाशी उभा राहून डोकं चोळत होता, अन् बाई लुगड्याचा पदर तोंडात धरून हासत होती. हळूहळू भांडण थंडावलं. जो तो आपल्या घराले बोट लावे अन् बाजूच्याले सांगे, हे कसं तुटलं. सहा साल ज्या गोष्टी फक्त कवडूभाऊले माहीत होत्या त्या लोक आपल्या मनानं उघडून सांगून राह्यले होते.

तेवढ्यात एक पोरगी म्हणे, "लहानूबाबाचं घर कुठी हाये?"

मी शोधतच होतो. बोडीच्या काठावर, जिथी माहं घर पाह्यजे, तिथी नुसता एक खिळा होता. गंजलेला. बाकी काई नाई.

गाव हासलं. माहं डोकं तापलं. मी म्हटलं, "काऊन, कवडूभाऊ? मी या गावात राह्यत नाई का?"

"राह्यतं ना. खिळा हाये."

"खिळा म्हणजे घर?"

"खिळा सहा सालापासून वाट पाहून राह्यला, भाऊ. मी काय करू? खोटी वस्तू लावता येत नाई."

मी जेवलो नाई. घरी आलो. मंगला पंगतीतून माह्यासाठी पान घेऊन आली, तेही तसंच राह्यलं. रात्रभर खिळा दिसला असं म्हणणार नाई, मले झोप लागते. पण सकाळी उठलो, शिडी लावली अन् आड्यावरचा तुंबा काढला.

वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा. माही बायको यशोदा यात वावरात पाणी आणे. त्यातलं पाणी असं थंड का दात शिवशिवे. वरून खालपर्यंत फट गेलेली, अन् फटीले सुतळी बांधलेली. सुतळी तिनंच बांधली.

कवडूभाऊ समाजमंदिरात थाळ्या पुसत बसला होता. मी तुंबा त्याच्यापुढं ठेवला. या खेपेले त्यानं कसं तुटलं ते विचारलं नाई. म्हून मलेच सांगावं लागलं.

"धानाच्या रोवण्याचे दिवस होते. ती पाणी घेऊन उशिरा आली. पोराले ताप होता, म्हून उशीर झाला. मले ते माहीत नव्हतं. माहीत असतं त बी मी तेच केलं असतं, असा माहा स्वभाव. तिच्या हातातून तुंबा घेतला अन् बांधावर आपटला. तिनं तो उचलला, घरी नेला, सुतळी बांधली. दुसऱ्या दिवसापासून प्लास्टिकच्या बाटलीत पाणी आणायले लागली. मी तिले एकदा म्हणणार होतो का चुकलं. उद्या म्हणू, उद्या म्हणू. मंग ती गेली."

कवडूभाऊनं तुंबा तीन खेपा फिरवला नाई. डोळा बारीक केला नाई. दोन्ही हातानं धरला, गेला अन् खिळ्यावर अडकवला. मी म्हटलं, "फट भिंतीकडं कर."

"नाई. सुतळी दिसली पाह्यजे. तिनं बांधली ना."

मी मांगं सरून पाह्यलं. चांगलं दिसत होतं, हे मी त्याले सांगितलं नाई. मंग माह्या ध्यानात आलं. माह्या घराच्या बाजूले नुसता लाकडाचा दरवाजा होता. तिथी खिळा बी नव्हता.

"अन् तुहं घर कुठी?"

"राहून गेलं."

"खरं सांग."

तो थाळी पुसत राह्यला. चकचकीत थाळी, तरी पुसत राह्यला. मंग म्हणे, "माह्या घरी काई तुटत नाई, भाऊ. स्टीलचा एक गिलास, चहा-भाताले जर्मनचा एक गंज. माह्या हातून काई पडत नाई. अन् दुसरा कोणी हाये का पाडायले?"

सहा साल मी त्याले हेच वाक्य ऐकवत होतो, माह्या घरी काई तुटत नाई. छाती फुगवून ऐकवत होतो. त्याच्या तोंडून ऐकलं तवा मले समजलं, तो दारोदारी काय मागत फिरत होता.

मी म्हटलं, "चहा कर."

आम्ही त्याच्या घरी गेलो. शेजारी असून सहा सालात मी त्याच्या घरात पाय ठेवला नव्हता. त्यानं माह्याच आहेराच्या कपबश्या काढल्या, गुलाबाच्या. चहा पातळ होता. मी पेलो. मंग कप बाजूले ठेवला, बशी उचलली, हात लांब केला अन् सोडून देली.

तीन तुकडे झाले.

तो पाह्यतच राह्यला. "भाऊ, नवी होती."

"माहीच होती. विचार आता."

"काय?"

"कशी तुटली ते."

तो खाली वाकला. गुलाबाचं फूल ज्या तुकड्यावर होतं तो उचलला अन् सदऱ्याच्या टोकानं पुसला, माह्याकडं पाठ करून. मंग म्हणे, "बाजूचा लहानूभाऊ चहाले आला होता. म्हातारा झाला, हात थरथरते त्याचा."

"माहा हात थरथरत नाई."

"बसते," तो म्हणाला. "तुंब्याच्या बाजूले."

आता सहा कप हाये अन् पाच बश्या. बिनबशीचा कप माहा. मी रोज सकाळी जातो, अन् तो कप कवडूभाऊ दुसऱ्या कोणाले देत नाई.