किड्यांच्या खेळाला रिलीव्हर

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, पाटीखाली, एक तांबडी कोंबडी.

बोटभर लांबीचा लोखंडी खिळा.

पाणबुडीचा खेळ सगळ्यात भारी. दुसरं मत ऐकून घेतलं जाणार नाही.

मोहोपाड्याकडे येणाऱ्या एसटीत मांडीवर वरवंटा घेऊन बसलेली म्हातारी. कंडक्टर विचारतो, ह्याचं अर्धं तिकीट काढू का?

चालू प्लांट कुणी मधेच बंद करत नाही.

हे सगळं एकाच गोष्टीतलं आहे. जरा दम धरा.

"या वेळी आई परत जात नाही," धर्माजींनी बायकोला सांगितलं. "तू बघच. लोधिवलीचं नाव काढणार नाही ती."

मालनबाई कणीक मळत होत्या. असली घोषणा त्या दर दिवाळीला ऐकत. त्यांनी मान हलवली, ती होकाराची की कणकेच्या जोराची, हे कळलं नाही.

धर्माजी मोहोपाड्याच्या एका कारखान्यात ऑपरेटर होते. काचेमागचा काटा हिरव्या पट्ट्यात ठेवायचा, तांबड्याकडे सरकू द्यायचा नाही, एवढंच काम. पण ते त्यांनी इतकी वर्षं केलं होतं, की घरात कुकरची शिट्टी झाली तरी त्यांचा हात हवेत व्हॉल्व्ह शोधायचा. सगळे काटे त्यांच्या ताब्यात होते. एक सोडून. तो म्हणजे त्यांची आई, येसूबाई.

वडील गेल्यापासून येसूबाई लोधिवलीच्या घरात एकट्या राहत. मागच्या पावसाळ्यात अंगणात पाय घसरून पडल्या आणि शेजारची भागी येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. तेव्हापासून रात्री बाहेर काही वाजलं की धर्माजी उठून बसत. कंपनीच्या क्वार्टरवर आणावं, तर तिसऱ्या दिवशी आईची पिशवी भरलेली. कारणं ठरलेली. एक, कोंबडी उपाशी मरेल. दोन, "तुज्या हितं हाताला काय कामच नाय रं. बसून बसून मानूस कुजतंय."

हाताला काम! धर्माजींना उत्तर सापडलं ते मालनबाईंचा भाऊ पांडू मस्कतहून सुट्टीवर आला तेव्हा. त्याच्या साहेबाच्या मुलांना नवा व्हिडिओ गेम मिळाला होता, म्हणून जुना त्यांनी टाकून दिला, आणि पांडूनं तो टॉवेलात गुंडाळून आणला. तिकडे तो म्हातारा झाला होता; मोहोपाड्याच्या वसाहतीत त्याचा आत्ता कुठे जन्म होत होता. काळी पेटी, एक दांडी, तिच्यावर तांबडं बटण आणि चार कॅसेटी. कॅसेटींवरची चित्रं घासून गेलेली, त्यामुळे इमारतीनं चौघींचं बारसं स्वतःच केलं. भिंत, पाणबुडी, खड्डे आणि किडे.

आता प्रश्न उरला एवढाच, की आईसाठी यातला सर्वांत चांगला खेळ कोणता. धर्माजींनी चूक केली, ती ही, की हा प्रश्न त्यांनी जिन्यात उभं राहून विचारला.

खालच्या मजल्यावरचे रामभाऊ स्टोअरमध्ये कामाला. त्यांचं मत वर आलंच आहे. पाणबुडीत डोकं लागतं, म्हणाले. वर हवा घ्यायला यायचं, खाली माणसं वाचवायची. संसारी माणसाचा खेळ आहे. किड्यांचा खेळ म्हणजे नुसती धडाधड, त्याला मी हात लावणार नाही.

वरच्या मजल्यावरचा धोंडी हा प्लांटमध्ये धर्माजींचा रिलीव्हर. म्हणजे धर्माजींची शिफ्ट संपली की त्यांच्या जागी येऊन बसणारा. त्याचं मत खड्ड्यांकडे. कारण सांगता आलं नाही. नुसत्या उड्या मारून दाखवल्या. खालून रामभाऊंनी छत ठोकलं.

मालनबाईंचं मत: टीव्ही बंद असतो तो खेळ सगळ्यात चांगला.

आणि धर्माजींचं मत? भिंत! चेंडू वर जातो, एक वीट फुटते, चेंडू खाली येतो. शांत, नियमित, हिरव्या पट्ट्यातला खेळ. आईला हाच आवडणार, यात त्यांना शंका नव्हती.

शनिवारी येसूबाई आल्या. एका हातात कोंबडी, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत वरवंटा आणि नऊवारीत गुंडाळलेली बाबासाहेबांची तसबीर.

काचेमागचा काटा केसभर हलला तर ओळखणाऱ्या धर्माजींनी हे सामान नीट पाहिलं आणि अर्थ लावला. कोंबडी रविवारच्या रश्श्यासाठी. वरवंटा, मालनच्या मिक्सरमधली चटणी आईला गोड लागत नाही म्हणून. तसबिरीची काच तडकली असणार, मोहोपाड्यात बदलून न्यायची असेल. त्यांनी घाईघाईनं आईला टीव्हीसमोर बसवलं.

भिंत बघताच येसूबाईंचा चेहरा पडला. "कुनाची भिंत फोडायली रं ही? घरात मानसं नसतील का?"

पाणबुडीत पाणी होतं, आणि त्यांना पोहता येत नव्हतं. खड्डे बघून मागच्या पावसाळ्यातलं कंबरडं दुखू लागलं. शेवटी नाइलाजानं धर्माजींनी किडे लावले. पडद्यावर छत्र्या उगवल्या आणि त्यांच्यामधून एक लांबलचक किडा वळवळत खाली येऊ लागला.

येसूबाई ताठ बसल्या. "आरं, पिकात शिरला की!"

त्यांनी दांडी हिसकावली. आयुष्यभर माळ्यावर उभं राहून गोफणीनं भातावरची पाखरं उडवलेला तो हात. किड्याचे तुकडे उडाले. दुसरा आला, त्याचेही उडाले. संध्याकाळी सिनेमासाठी अख्खी इमारत चटया घेऊन आली, तेव्हा येसूबाई मागं न बघता म्हणाल्या, शेत राखायचं सोडून तमाशे बघायचे नसतात. माणसं मुकाट बसली. सिनेमाच्या वेळेत सगळ्यांनी किडे बघितले. एक मोठा कोळी बाजूनं आला तेव्हा दोन बायकांनी तोंडाला पदर लावला.

मग येसूबाईंना जेवायचं होतं. धर्माजींनी सवयीनं सांगितलं, की बंद कर, उद्या परत लावू.

"बंद करू? आनि आलेलं पीक?"

इथे धर्माजी हरले, कारण हेच तर ते नव्या पोरांना शिकवत. चालू प्लांट कुणी मधेच बंद करत नाही. जागा सोडायची ती रिलीव्हरच्या हातात चार्ज देऊनच, मग घरी आग लागली तरी. इमारतीतले सगळे याच शिस्तीत वाढलेले. कुणी हसलं नाही. जेवणाआधीच धर्माजींनी तीन शिफ्टची वाटणी केली. येसूबाईंनी धर्माजींना रीतसर चार्ज दिला: डाव्या कोपऱ्यातून येत्यात, कोळ्यावर लक्ष ठेव. रात्रीच्या शिफ्टला बसायला तर माणसं भांडली. रविवारी पहाटे धर्माजी कामावर गेले तेव्हा त्यांना छाती फुगल्यासारखी वाटत होती. आई जागेवर होती. काटा हिरव्यात होता.

दुपारी शिफ्ट सुटली. धोंडी आला नाही.

बराच वेळ वाट पाहून धर्माजींनी कंट्रोल रूममधून वसाहतीच्या गेटवर फोन लावला. वॉचमन वाघ्या दुसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन धापा टाकत परत आला.

"साहेब, धोंडी तुमच्याच घरात किड्यांवर बसलाय. आजींनी त्याला चार्ज दिला. त्याला दुपारी सोडवायला यायचंय त्याच्या रिलीव्हरनं."

"मग तो येत का नाही?"

"तुमीच हाय ते."

धर्माजींनी डोळे मिटले. वाटणी त्यांनी स्वतः केली होती. धोंडी आल्याशिवाय त्यांना प्लांट सोडता येत नव्हता, आणि ते गेल्याशिवाय धोंडीला दांडी सोडता येत नव्हती. दोघंही शिस्तीचे पक्के. असे ते पेन्शनपर्यंत बसले असते.

"आईला सांग धोंडीला सोडवायला."

वाघ्या परत जिना चढून आला. आता आवाज बदललेला होता.

"आजी घरात नाय. पिशवी घेऊन भायेर गेल्या म्हने. वैनीपन नाय."

तिसरा दिवस उजाडायच्याही आधी! पिशवी म्हणजे एसटी, एसटी म्हणजे लोधिवली, तिथलं ते अंगण, आणि पुढचा पावसाळा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा समोरचे काटे त्यांना दिसेनासे झाले.

"वाघ्या, रामभाऊंना सुट्टी आहे. त्यांना धोंडीच्या हातातली दांडी घ्यायला सांग."

हा निरोप परतायला वेळ लागला. रामभाऊ तत्त्वाचे होते. किड्यांना हात लावणार नाही म्हणजे नाही. पण शेजारधर्म म्हणून एका अटीवर तयार होते.

"धर्माजींनी म्हनायचं, पानबुडी सगळ्यात भारी. मला सांगा, मी जिन्यात वरडतो," वाघ्या म्हणाला.

धर्माजींसमोर एकीकडे भिंत होती, तिच्याविषयी महिनाभर मांडलेली सगळी मतं होती. दुसरीकडे आई होती.

"पाणबुडी सगळ्यात भारी," ते फोनमध्ये म्हणाले. शेजारचा अधिकारी वळून बघू लागला.

"जरा मोठ्यानं. आयकायला आलं नाय."

धर्माजी मोठ्यानं म्हणाले.

धोंडी धावत आला. धर्माजी सायकलवर सुटले ते एसटी थांब्यावर. तिथे एक कुत्रा होता. गाडी नुकतीच गेली, असं पानवाला म्हणाला. कोण चढलं, ते त्यानं पाहिलं नव्हतं. धर्माजी सायकल हातात धरून वसाहतीकडे चालत निघाले.

जिन्यात पोचले तर वरून ठोकल्याचा आवाज.

घरात रामभाऊ तोंड वाकडं करून, पण डोळे विस्फारून किडे मारत होते. तत्त्व बऱ्यापैकी विसरले होते. आणि टीव्हीच्या बाजूला स्टुलावर येसूबाई उभ्या होत्या. मालनबाईंनी स्टूल धरलेलं. सासूसुना पिशवी घेऊन बाजारात गेल्या होत्या, खिळा आणायला. तो बोटभर लांबीचा खिळा आता भिंतीवर होता, आणि येसूबाईंच्या हातात वरवंटा.

"आई, थांब, तिथे वायर..."

वरवंटा बसला. भिंतीत चर्र झालं. टीव्ही गेला, पंखा गेला, पेटी गेली. रामभाऊंच्या तोंडून, आयुष्यात किड्यांना हात न लावणाऱ्या माणसाच्या तोंडून, हुंदक्यासारखं काहीतरी निघालं. कालपासून राखलेलं सगळं पीक एका ठोक्यात गेलं.

येसूबाईंनी खिळा हलवून पाहिला. पक्का बसला होता.

"गेलं तर जाऊ दे," त्या म्हणाल्या. "उद्या परत लावू. परवा हायेच."

धर्माजींनी तो परवा मनातल्या मनात दोनदा मोजून घेतला. परवा म्हणजे चौथा दिवस, तिसऱ्याच्याही पलीकडचा. त्यांनी टीव्हीवर ठेवलेली तसबीर उचलली, खिळ्यावर अडकवली, लांब जाऊन सरळ आहे का पाहिलं. काच अजिबात तडकलेली नव्हती. ते त्यांच्या लक्षात आलं नाही. गॅलरीत कोंबडीनं अंडं घातल्याची बातमी दिली.

इलेक्ट्रिशियन येईपर्यंत धर्माजींनी जिन्यात उभं राहून सगळ्यांना सांगितलं, की जुन्या पेटीवरचा सर्वांत चांगला खेळ म्हणजे किडे, आणि म्हाताऱ्या माणसाचं मन कसं रमवायचं, ते आपल्याला विचारा. मालनबाईंनी आतून हाक मारली, की चहा घ्या आणि गप बसा.

लोधिवलीच्या घराची किल्ली येसूबाईंनी शनिवारी सकाळी, एसटीत चढण्याआधी, भागीला कायमची राहायला देऊन टाकली होती.